डायोराइटचे भांडे आतून कसे पोखरले?

प्रश्न थोडक्यात असा: पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये लोखंडाची हत्यारे नव्हती. तांबे तर दगडाहून मऊ. मग डायोराइट, ग्रॅनाइट, बेसॉल्ट अशा कठीण दगडांची इतकी गोल, गुळगुळीत, पातळ काठाची भांडी कशी घडवली? यूट्यूबवर काही जण सांगतात की ही भांडी लेथवर, म्हणजे वस्तू गरगर फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, काढलेली आहेत, माणसाच्या हाताला एवढी अचूकता शक्यच नाही. यात खरे किती?

मी सत्तावीस वर्षे दगडी मूर्ती, शिलालेख आणि भांडी यांच्या जतनाचे आणि दुरुस्तीचे काम करते आहे. त्याआधी दोन वर्षे एका पाथरवट काकांकडे पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायला बसत होते. इजिप्तमध्ये उत्खननावर गेलेले नाही, पण लंडनचे पेट्री म्युझियम आणि कैरोच्या तहरीर चौकातले जुने संग्रहालय, दोन्हीकडे या भांड्यांसमोर दिवसच्या दिवस उभी राहिले आहे. घरामागच्या पडवीत तांब्याची नळी आणि वाळू घेऊन दगडाला भोकेही पाडली आहेत. त्या अनुभवातून सांगते.

आधी तांब्याचा प्रश्न सोडवू. तांब्याने हा दगड कापला जात नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. कापते ती वाळू. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्सच्या पट्टीवर तांबे ३, चुनखडक ३, अनेक दगडांत असणारे फेल्डस्पार हे खनिज ६ आणि वाळूतले क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, ७. तांब्याची नळी वाळूवर दाबून फिरवली की वाळूचे कण तांब्यात रुततात आणि कानशीच्या दातांसारखे दगड खात जातात. नळी मऊ आहे म्हणूनच कण तिच्यात धरून राहतात. नळीही झिजते, पण तिचे तांबे पुन्हा वितळवता येते.

‘कठीण दगड’ हा शब्दही जरा उलगडायला हवा. डायोराइट म्हणजे मुख्यतः फेल्डस्पार आणि हॉर्नब्लेंड नावाचे काळे खनिज. दोन्ही क्वार्ट्झहून मऊ. बेसॉल्टचे तेच. म्हणजे साध्या वाळूपुढे हे दगड हळूहळू का होईना, हार मानतात. ग्रॅनाइटमध्ये मात्र स्वतःचे क्वार्ट्झ असते. तिथे वाळूची गाठ बरोबरीच्या गड्याशी पडते आणि काम फार रेंगाळते. दिसायला डायोराइट काळाकभिन्न आणि भीतीदायक, पण घासणाऱ्याला विचाराल तर तो ग्रॅनाइटपेक्षा डायोराइट पसंत करील.

माझा पहिला प्रयोग फसला, आणि त्या फसण्यातूनच मला हे नीट कळले. काळ्या फत्तराचा, म्हणजे बेसॉल्टचा, एक ठोकळा घेतला, एक इंची तांब्याची नळी दांड्याच्या टोकाला बसवली, सुताराच्या सामत्याची (दोरीने फिरणाऱ्या गिरमिटाची) दोरी गुंडाळली आणि जवळच्या नदीची चाळलेली वाळू टाकली. तासभर ओढूनही दगडावर नुसता पांढुरका वळसा उमटला. कारण साधे होते. आपल्या देशावरच्या नद्यांची वाळू बरीचशी बेसॉल्टचाच चुरा असते. बेसॉल्टने बेसॉल्ट किती कापणार? मग कणकवलीजवळच्या कासार्डे भागातली सिलिका वाळू मागवली. त्याच नळीने, त्याच दगडात, दीड तासात चार मिलिमीटर खोल खाच पडली. नळी दीड मिलिमीटर झिजली आणि खांदे दोन दिवस दुखत होते. पण खाच स्वच्छ होती, कड धारदार होती, आणि तिच्या भिंतीवर बारीक गोल रेषा होत्या. वाळवंटी इजिप्तमध्ये क्वार्ट्झची वाळू पायाखाली पडलेली असते.

या गोल रेषांवरूनच शंभर वर्षे वाद झाला. गिझा इथे सापडलेला ग्रॅनाइटचा एक गाभा, म्हणजे नळीने भोक पाडल्यावर मधे उरणारा दांडा, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी तपासला. त्यावरच्या रेषा पाहून नळीच्या टोकाला हिऱ्यासारखे रत्नाचे दात बसवले असावेत, असे त्यांचे मत झाले. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकस यांना ते पटले नाही. त्यांच्या मते सुटी पूड पुरेशी होती. पुढे १९८३ मध्ये लेनर्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट यांनी प्रयोग करून दाखवले की अशा ठळक रेषा उमटायला कुरुंदाची, म्हणजे क्वार्ट्झहूनही कठीण खनिजाची, पूड लागते, नळीला दात असण्याची गरज नाही. त्यानंतर अमार्ना इथल्या अतेन या सूर्यदेवाच्या मंदिरातल्या मूर्तीच्या एका तुकड्यावरच्या भोकात खरोखरच कुरुंदाचे कण मिळाले. पण तो काळ भांड्यांच्या भरभराटीनंतर हजारेक वर्षांनी येतो. सुरुवातीच्या भांड्यांसाठी मी वाळूच्याच बाजूने आहे. (कोरंडम हे जगभर चालणारे नाव दक्षिण भारतातल्या कुरुंद या शब्दावरूनच गेले आहे.)

इंग्लंडचे डेनिस स्टॉक्स यांनी तर तांब्याच्या नळ्या, चकमकीचे तुकडे आणि वाळू घेऊन वर्षानुवर्षे हे सगळे हाताने करून पाहिले. आज या विषयावर जो कोणी गांभीर्याने बोलतो, तो त्यांच्या खांद्यावर उभा आहे.

आता खरा मुद्दा. या भांड्यांचा बाहेरचा आकार पाहून आपण थक्क होतो, पण बाहेरून आकार देणे हे त्यातले सोपे काम. दगडाच्या गोट्याने ठेचत ठेचत ओबडधोबड आकार आणायचा, मग वालुकाश्माच्या तुकड्याने घासायचे, शेवटी जिल्हई करायची. उखळ घडवणारा कोणताही पाथरवट हे समजू शकतो. पण उखळाचे तोंड मोठे आणि बूड निमुळते असते. इजिप्तच्या अनेक भांड्यांत उलटे आहे. काठ अरुंद, गळा त्याहून अरुंद, आणि खाली खांदा एकदम बाहेर पसरलेला. सरळ भोक नळीने पडेल. पण गळ्यातून आत जाऊन खांद्याखालचा दगड काढायचा कसा? हात जात नाही, नजर पोचत नाही.

यासाठी त्यांनी जे हत्यार काढले ते मला नळीपेक्षाही मोठे डोके वाटते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, मधे कंबर असलेला लांबट दगड. हा दगड उभा धरून गळ्यातून आत सोडायचा आणि आत गेल्यावर आडवा करायचा. शर्टाचे बटण काजातून तिरपे घालून पलीकडे सरळ करतो ना, अगदी तसे. मग वरून लाकडी दांडा घालायचा. दांड्याच्या टोकाला बेचक्यासारखी दोन टोके असतात, ती त्या दगडाच्या कंबरेला पकडतात. आत वाळू टाकायची आणि दांडा फिरवायचा. एक दगड झिजला किंवा त्याची मजल संपली की त्याहून थोडा लांब दगड आत जातो. असे करत करत पोट रुंदावते. आठच्या आकाराचे असे दगड पुष्कळ ठिकाणी मिळाले आहेत. हायराकॉनपोलिस इथे तर क्विबेल आणि ग्रीन या पुरातत्त्वज्ञांना भांडी पोखरण्याची कार्यशाळाच सापडली होती. जिप्समसारख्या मऊ दगडासाठी मात्र चकमकीच्या चंद्रकोरी पुरत. फायूमच्या उत्तरेला उम्म एस-सव्वान इथल्या जिप्समच्या खाणीजवळ त्या मोठ्या संख्येने पडलेल्या होत्या. गर्ट्रूड कॅटन-थॉम्प्सन आणि एलिनॉर गार्डनर यांनी १९२०च्या दशकात ती जागा तपासली.

दांड्याची रचना भिंतीवरच्या चित्रांत स्पष्ट दिसते. सक्कारा इथल्या मेरेरुकाच्या कबरीत, आणि त्यानंतर कितीतरी शतकांनी थीब्जला रेखमिरेच्या कबरीत, कारागीर भांडे पुढ्यात घेऊन तो फिरवताना कोरले-रंगवलेले आहेत. दांड्याच्या वरच्या टोकाला तिरकी मूठ, आणि मुठीखाली दोन जड दगड बांधलेले. त्या दगडांच्या भाराने हत्यार खाली दाबलेले राहते, त्यामुळे कारागिराची ताकद फक्त फिरवण्यात जाते. पूर्ण गरागरा फिरवायचे नाही. अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे. ताकातली रवी हाताने फिरवून पाहिली असेल तर मनगटाला ही लय ओळखीची वाटेल, फक्त रवीला दोन धोंडे बांधलेले आहेत अशी कल्पना करा. या हत्याराला समाजात किती मान होता ते त्यांच्या लिपीत दिसते. कारागीर आणि कारागिरी हे शब्द लिहायला ते याच गिरमिटाचे चित्र काढत. सुताराची करवत किंवा सोनाराची फुंकणी त्या जागी आली नाही, दगडी भांडे पोखरणाऱ्याचे हत्यार आले.

म्हणून संग्रहालयात गेलात तर भांड्याच्या तोंडातून आत बघा. मिळाली तर छोटी टॉर्च तिरपी धरा. बाहेर आरशासारखी जिल्हई आणि आत खांद्याखाली गोल गोल ओरखडे, कधी एकाखाली एक पायऱ्या, कधी तळाशी गाभा तोडल्याचा उंचवटा. जिथे बघणाऱ्याची नजर जाणार नाही तिथे कारागिराने घासणे थांबवले आहे. सुरमा ठेवायच्या बारक्या कुप्यांत तर बाहेरून गोल गरगरीत पोट आणि आत फक्त सरळ नळीचे भोक असते. बोट घालण्यापुरती जागा केली की झाले काम. लहान मालासाठी कोणीही इतकेच करील.

लेथचा दावा मी कान असलेल्या भांड्यांवर तपासून पाहते. नकादा काळात, म्हणजे राजवंश सुरू होण्याआधीच्या शतकांत, पसरट पोटाची आणि दोन्ही बाजूंना नळीसारखे कान असलेली भांडी होत. दोरी ओवून टांगायची सोय. हे कान वेगळे करून चिकटवलेले नाहीत, त्याच दगडातून काढलेले आहेत. आता भांडे लेथवर फिरवले तर कानही फिरणार. त्यामुळे दोन कानांच्या मधला पट्टा फिरवून काढता येत नाही, तो हातानेच घासावा लागतो. आणि कानातले भोक पाहा. मी पेट्री म्युझियममध्ये काचेला कपाळ टेकून एका भांड्याचा कान किती वेळ पाहत होते. भोक दोन्ही टोकांना रुंद आणि मधे निमुळते, डमरूसारखे. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाडत आणले आणि मधे गाठ घातली. दोन्हींचे मध्य थोडे चुकले होते, आत एक बारीक पायरी राहिली होती. त्या पायरीवर बोट फिरवता आले नाही याची हुरहुर अजून आहे.

तरीही काही भांडी विलक्षण गोल आहेत, हे मी नाकारत नाही. पण गोलाई हा फिरवण्याचा गुणधर्म आहे. भांडे हळूहळू वळवत राहून एकाच जागी घासणी टेकवली तर उंचवटे आपोआप आधी झिजतात. वळते पाट किंवा तिवई वापरली असेल तर ते आणखी सोपे. कारागिराची बोटे तर कागदाच्या जाडीचा फरक ओळखतात. आमच्या पाथरवट काकांना वरवंट्याचा फुगवटा कुठे जास्त आहे ते डोळे मिटून कळायचे. शिवाय तिरपी मान, एका बाजूला कलंडलेला काठ, जाड-बारीक भिंत अशी भांडीही शेकड्याने आहेत. ती व्हिडिओत येत नाहीत, एवढेच.

आणि मोजमापाच्या दाव्यांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्या भांड्यांचे स्कॅन गाजतात त्यांतली बरीच खासगी बाजारात विकत घेतलेली असतात. ती कुठल्या थडग्यातून, कोणत्या थरातून, कोणी, कधी काढली याची नोंद नसते. नकली प्राचीन वस्तूंचा धंदा इजिप्तमध्ये एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे, आणि लक्झरच्या पश्चिम तीरावर आजही अलाबास्टरची उत्तम भांडी घडवणारे कारागीर आहेत. नोंद नसलेल्या भांड्याची अचूकता मोजून पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल निष्कर्ष काढणे मला माझ्या धंद्यात कोणी करू देणार नाही. आधी भांडे कुठले ते सिद्ध करा, मग कॅलिपर लावा.

उत्खननातून, नोंदीसह आलेली भांडी काही कमी नाहीत. सक्कारा इथल्या जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली, साधारण इ.स.पू. २६५०च्या सुमाराच्या भुयारांत, जवळपास ४०,००० दगडी भांडी होती. १९३०च्या दशकात क्विबेल आणि झाँ-फिलीप लॉएर यांनी ती भुयारे उघडली तेव्हा पुष्कळशी भांडी छत कोसळून चुरा झालेली होती. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला हे दृश्य नुसते कल्पूनही धडकी भरते. अलाबास्टर, डायोराइट, ब्रेशिया (खडकाचे तुकडे सांधून बनलेला ठिपकेदार दगड), स्लेटसारखा दिसणारा राखाडी सिल्टस्टोन, सगळ्यांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले. त्यांवर कोरलेली नावे जोसेरची नाहीत, तर त्याच्या आधीच्या पहिल्या-दुसऱ्या राजवंशांतल्या राजांची आहेत. एका भांड्यावर देन, अजिब, सेमेरखेत आणि का-आ अशी ओळीने चार नावे आहेत. म्हणजे एकच भांडे चार राजांच्या कोठारांतून गेले, प्रत्येकाने आपले नाव घातले. सेमेरखेतने तर काही भांड्यांवरचे अजिबचे नाव खरवडून काढले. पहिल्या राजवंशाचा क्रम लावायला इतिहासकारांना या भांड्यांची मोठी मदत झाली.

हा आकडा ऐकून लोक म्हणतात, इतकी भांडी हाताने शक्यच नाहीत. पण ही एका राजाच्या हयातीतली नाहीत, अनेक पिढ्यांची साठवण आहे. राजाच्या खर्चाने चालणाऱ्या कार्यशाळा होत्या. तिथला माणूस शेत नांगरत नव्हता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत दगड पोखरत होता आणि त्याचा मुलगा शेजारी बसून वाळू टाकत शिकत असणार. एका भांड्याला महिने लागले तरी कोणाला घाई नव्हती. वेळ ही त्यांची सर्वांत मोठी गुंतवणूक होती.

दगड आणण्यासाठीही तसाच खटाटोप. पांढरा-मधाळ पट्ट्यांचा अलाबास्टर हॅतनुबहून येई. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात, तो कॅल्साइट असतो, म्हणून मऊ. हॅतनुब या नावाचा अर्थ सोन्याचे घर. निळसर झाक मारणारा नाइस हा कठीण दगड तर अबू सिंबेलच्या वायव्येला, वाळवंटातल्या गेबेल एल-असरहून आणावा लागे. गिझाचा दुसरा पिरॅमिड बांधणाऱ्या खाफ्रे राजाचे प्रसिद्ध पुतळे याच दगडाचे. खाफ्रेच्या नावाची दगडी भांडी सीरियातल्या एब्ला इथल्या राजवाड्यात सापडली आहेत. राजाने राजाला द्यावी अशी ही भेट होती.

साबूची तबकडी हा यंत्राचा भाग होता का, असेही विचारले जाते, म्हणून थोडक्यात. वॉल्टर एमरी यांना १९३६ मध्ये सक्कारा इथे साबू या पहिल्या राजवंशातल्या अधिकाऱ्याच्या कबरीत ती मिळाली. व्यास ६१ सेंटिमीटर, तीन पाती आत वळलेली, मधे नळी. दिसते पंख्यासारखी, पण ती सिल्टस्टोनची आहे. हा दगड बारीक पोताचा आहे, पातळ कोरायला बरा. त्याच काळात याच प्रकारच्या दगडात अंख (जीवनाचे चिन्ह) आणि ‘का’चे, म्हणजे प्राणशक्तीच्या चिन्हातले, उंचावलेले हात यांच्या आकाराचे पूजेचे पात्रही कोरलेले आहे, ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. दगडाला पत्र्यासारखे वाकल्याचा भास देण्याची त्या कारागिरांना हौसच होती. कोणतेही यंत्र फिरवायला ही तबकडी फार नाजूक आहे.

जुन्या राज्यानंतर, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळानंतर, कठीण दगडांची भांडी झपाट्याने कमी झाली आणि अलाबास्टरचे राज्य आले. तुतनखामेनच्या कबरीतली भांडी जवळजवळ सगळी त्याचीच. त्यांतली गुंतागुंतीची भांडी एका दगडाची नाहीत, मान वेगळी, पोट वेगळे, बैठक वेगळी करून सांधलेली आहेत. अरुंद गळ्याचा प्रश्न त्यांनी भांडे कापून सोडवला! मला व्यक्तिशः जुनी, एकसंध काळी भांडी जास्त आवडतात. पण तुतनखामेनच्या भांड्यांतली एक गोष्ट विसरता येत नाही. चोरांनी त्यांतले सुगंधी लेप पळवले तेव्हा भांड्याच्या आत उरलेल्या लेपावर त्यांच्या बोटांचे ठसे राहिले, आणि ही कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर यांनी ते तीन हजारांहून अधिक वर्षांनी पाहिले.

तुम्हाला स्वतः करून पाहायचे असेल तर नक्की करा. मऊ दगडापासून सुरू करा. शिरगोळ्याचा, म्हणजे संगजिऱ्याच्या दगडाचा, मुठीएवढा तुकडा घ्या. अर्धा-पाऊण इंची तांब्याची नळी एसी दुरुस्ती करणाऱ्याकडे मिळेल. वाळू क्वार्ट्झचीच हवी, भिंग लावून पाहा, कण काचेसारखे पारदर्शक दिसले पाहिजेत. नळी सरळ खाली जाईपर्यंत मधे थांबू नका, सुरुवातीची खाच तिरपी पडली की पुढे सुधारत नाही. गाभा काढताना नळीच्या खाचेत लाकडाची पाचर ठोका, तो बुडापाशी तुटतो.

आणि एक गोष्ट अजिबात हलक्याने घेऊ नका. कोरडी वाळू घासताना जी पांढरी धूळ उडते ती सिलिकाची असते. तिने सिलिकोसिस होतो, आणि फुप्फुस एकदा असे खराब झाले की पूर्ववत होत नाही. खाणीत आणि दगडफोडीवर राबणाऱ्या कितीतरी माणसांचा जीव त्याने घेतला आहे. उघड्यावर बसा, वाळू ओली ठेवा, एन-९५ मास्क लावा, आणि लहान मुलांना जवळ बसू देऊ नका. मी पहिल्या वर्षी नुसता रुमाल बांधून काम करत होते. एकदा पाथरवट काकांनी तो माझ्या तोंडावरून ओढून काढला, दगडावर झटकला, आणि आतल्या बाजूला बसलेला पांढरा थर मला दाखवला. काकांना स्वतःला चार पावले चालले तरी धाप लागत असे.